अणूचा विमा कोणी उतरवला?

घराचा विमा उतरवणारा गृहस्थ विम्याच्या कागदावरची बारीक अक्षरे सहसा वाचीत नाही. वाचली, तर त्यात बहुधा एक कलम सापडते: किरणोत्सर्गाने किंवा अणुभट्टीच्या अपघाताने झालेले नुकसान कंपनी भरून देणार नाही. आग, वादळ, भूकंप यांची जोखीम जो विमेवाला घेतो, तो येथे मात्र हात आखडता घेतो. मग ही जोखीम कोणाच्या माथ्यावर बसते? या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे, तर आपल्याला १९५७ सालच्या अमेरिकेत जावे लागेल.

१९४६ च्या कायद्याने अमेरिकेत अणुशक्ती संपूर्णपणे सरकारच्या मुठीत होती. पुढे वारे फिरले. डिसेंबर १९५३ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रांपुढे शांततेसाठी अणूचा पुरस्कार केला, आणि ऑगस्ट १९५४ मध्ये नवा कायदा होऊन खाजगी कंपन्यांना परवाना काढून अणुभट्टी बांधण्याची व चालवण्याची मुभा मिळाली. याच कायद्यान्वये अणुशक्ती आयोगाकडे दोन कामे आली. या नव्या धंद्याला त्याने उत्तेजन द्यावयाचे, आणि त्याच्यावर नजरही त्यानेच ठेवावयाची. मल्लाचा उस्ताद आणि कुस्तीचा पंच एकच माणूस असावा, तशी ही व्यवस्था होती. ती पुढे वीस वर्षे टिकली. १९७४ च्या कायद्याने ही दोन कामे वेगळी झाली.

दार उघडले, पण आत शिरण्याची घाई कोणाला दिसेना. ऑक्टोबर १९५६ मध्ये इंग्लंडने काल्डर हॉलचे केंद्र सुरू केले. रशियाची चढाओढ होतीच. त्यामुळे वॉशिंग्टनमधील पुढारी अस्वस्थ झाले. कंपन्यांना धीर होत नसेल, तर सरकारनेच अणुभट्ट्या बांधाव्यात, असे विधेयक सिनेटर गोर आणि प्रतिनिधी होलिफील्ड यांनी १९५६ मध्ये आणले. सिनेटने ते मंजूर केले. प्रतिनिधिगृहात ते पडले. सरकारी विजेचे वावडे असलेल्या खाजगी वीज कंपन्यांनी त्याला कसून विरोध केला होता. म्हणजे सरकारने बांधलेले कंपन्यांना नको, आणि संरक्षणावाचून स्वतः बांधण्याची तयारी नाही, अशी ही कोंडी होती. आमच्या मते पुढचा सारा इतिहास या कोंडीतूनच निघाला.

अडचण होती ती विम्याची. अमेरिकेतील विमा कंपन्यांनी एकत्र येऊन आपापली ऐपत गोळा केली, तरी एका अणुभट्टीमागे तिऱ्हाइतांच्या नुकसानीसाठी ६ कोटी डॉलरपलीकडे त्यांची मजल जाईना. त्या काळच्या मानाने ही रक्कम मोठी होती. परंतु ती पुरेशी होती काय? संयुक्त समितीच्या मागणीवरून आयोगाने ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेकडून अंदाज करवून घेतला, आणि मार्च १९५७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. मोठ्या शहरापासून तीसएक मैलांवरच्या अणुभट्टीस अतिशय वाईट अपघात झाल्यास ३,४०० माणसे मरतील, ४३,००० जखमी होतील, आणि ७ अब्ज डॉलरपर्यंत मालमत्तेचे नुकसान होईल, असे त्यात म्हटले होते. असा अपघात घडण्याचा संभव फारच थोडा, हेही त्यातच सांगितले होते.

आता कंपन्यांचे वर्तन पाहा. जनरल इलेक्ट्रिक आणि वेस्टिंगहाऊस या दोन बड्या कारखानदारांचे प्रतिनिधी संसदीय समितीपुढे उघडपणे साक्षीस आले. वेस्टिंगहाऊसचे उपाध्यक्ष चार्ल्स वीव्हर यांच्या साक्षीचा मथितार्थ असा, की देशाच्या दृष्टीने काम कितीही महत्त्वाचे असले, तरी एका लहानशा व्यवसायापायी साऱ्या कंपनीचे दिवाळे निघण्याचा धोका आम्ही पत्करू शकत नाही. अणुउद्योगाची १९५३ मध्ये स्थापन झालेली 'ॲटॉमिक इंडस्ट्रियल फोरम' ही संस्थाही या प्रश्नाच्या मागे होती. तिने कोलंबिया विद्यापीठाकडून या विषयाचा अभ्यास करवून घेतला. २ सप्टेंबर १९५७ रोजी प्राइस-अँडरसन कायद्यावर अध्यक्षांची सही झाली. विम्याचे ६ कोटी, त्यावर सरकारचे ५० कोटी, आणि ५६ कोटींनंतर कोणाचीच जबाबदारी नाही! ब्रुकहेवनच्या अंदाजातील सर्वांत मोठा आकडा या मर्यादेच्या साडेबारा पट होता.

या कायद्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मिशिगन राज्यात, डेट्रॉइटजवळ, वॉकर सिस्लर यांच्या पुढाकाराने एक नव्या धर्तीची अणुभट्टी उभी राहावयाची होती. तिच्या सुरक्षिततेची ग्वाही देण्याइतकी माहिती हाती नाही, असे आयोगाच्याच तज्ज्ञ सल्लागार समितीने जून १९५६ मध्ये कळवले. ते मत लोकांपुढे न मांडता आयोगाने ऑगस्टमध्ये बांधकामास परवानगी दिली. सिनेटर अँडरसन यांना हे रुचले नाही. त्यामुळे ज्या कायद्याने कंपन्यांना छत्र दिले, त्याच कायद्याने सल्लागार समितीला कायद्याचा आधार दिला आणि तिचे अहवाल प्रसिद्ध करणे भाग पाडले. मोटार-कामगारांच्या संघटनेने परवान्याविरुद्ध दाद मागितली. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. ५ ऑक्टोबर १९६६ रोजी त्याच अणुभट्टीतील इंधनाचा काही भाग वितळला. सुदैवाने बाहेर अनर्थ झाला नाही.

लॉबी म्हणजे सभागृहाबाहेरची ओसरी. तेथे गाठून सभासदांचे मन वळवणे, यावरून त्या धंद्याला हे नाव पडले. या नावाबरोबर आपल्या डोळ्यांसमोर पैशांची थैली येते, आणि तसेही घडते. ओहायो राज्यात २०१९ मध्ये दोन अणुकेंद्रांना वाचवण्यासाठी ग्राहकांच्या वीजबिलातून एक अब्जाहून अधिक डॉलर देणारा कायदा झाला. त्यामागे सुमारे ६ कोटी डॉलरची लाचलुचपत उघडकीस आली, आणि सभापती लॅरी हाउसहोल्डर यांना २०२३ मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली. परंतु १९५७ च्या कथेतील मुख्य युक्तिवाद भर समितीत मांडला गेला होता. सरकारला अणुवीज हवीच होती. ती आमच्यावाचून मिळणार नाही, एवढे कंपन्यांनी सांगितले आणि ते पुरले. लाच पकडता येते. सरकारच्या घाईचा घेतलेला फायदा कोणत्या कलमाखाली पकडणार?

हा कायदा दहा वर्षांपुरता, धंदा बाल्यावस्थेत असेपर्यंतचा, म्हणून झाला होता. बाळ मोठे झाले, पण पाळणा काही हलवला गेला नाही. वेळोवेळी मुदत वाढत गेली. २०२४ मध्ये ती २०६५ अखेरपर्यंत वाढवण्यात आली. न्यायाने हेही सांगू, की मधल्या काळात सरकारी हमीऐवजी बहुतेक भार अणुकेंद्रांच्या सामाईक वर्गणीवर टाकण्यात आला, आणि १९७९ च्या थ्री माइल आयलंड अपघातानंतर या व्यवस्थेतून सुमारे ७ कोटी १० लाख डॉलर चुकते झाले. काहीच नसण्यापेक्षा हे बरे, असे म्हणणाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ नाही.

हा प्रश्न आपल्या दारीही आला. भोपाळची १९८४ ची रात्र आणि १९८९ ची ४७ कोटी डॉलरची तडजोड लोकांच्या स्मरणात होती. म्हणून २०१० च्या आपल्या कायद्यात असे कलम आले, की यंत्रसामग्री सदोष निघाली तर अणुकेंद्र चालवणाऱ्यास पुरवठादाराकडून भरपाई मागता यावी. परदेशी पुरवठादार बिचकले, आणि ते कलम सैल व्हावे म्हणून वर्षानुवर्षे बोलणी चालली. रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूरचा सहा अणुभट्ट्यांचा प्रकल्प रेंगाळला, त्याच्या अनेक कारणांत हेही एक होते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा केला. त्याने खाजगी कंपन्यांना दार उघडले आणि सदोष सामग्रीबद्दलचे ते कलम गाळले. अमेरिकेत १९५४ आणि १९५७ या दोन वर्षी मिळून जे झाले, ते येथे एका कायद्यात झाले.

अणुवीज हवी की नको, हा आजचा विषय नव्हे. कोळशाचा धूरही निरुपद्रवी नाही. आमचे म्हणणे एवढेच, की धंद्याचा नफा कोणाचा हे करारात स्पष्ट लिहिलेले असते, तसे नुकसान कोणाचे हेही साध्या मराठीत, केंद्राच्या कुंपणाशी राहणाऱ्या माणसाला कळेल असे लिहिलेले असावे. अपघाताच्या आधी त्याने ते वाचले पाहिजे. विम्याच्या कागदावरची बारीक अक्षरे आपण आज घरी जाऊन वाचलीत, तर आमचे बोलणे कारणी लागले असे आम्ही समजू.