पडदा कोणाचा? लिनक्सवरील विलंबाचा चाळीस वर्षांचा इतिहास

१/ लिनक्सवर पूर्ण पडद्यावर गेम सुरू केला की कधी कधी माउस हलवल्यानंतर दृश्य किंचित उशिराने हलते. ग्राफिक्स कार्ड नवे असते, फ्रेमची संख्याही उत्तम असते, तरी हात आणि डोळा यांचा मेळ बसत नाही. या विलंबाचे मूळ अनेकदा यंत्राच्या ताकदीत नसून एका जुन्या प्रश्नात असते: पडद्यावर अखेरचे चित्र कोणी उमटवायचे? त्या प्रश्नाचा हा इतिहास.

२/ जून १९८४. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत बॉब शाइफ्लर यांनी आपल्या सहकाऱ्यांना एक नवी खिडकी-प्रणाली तयार झाल्याचे कळवले. तिचा आधार होता स्टॅनफर्ड विद्यापीठातली ‘डब्ल्यू’ ही प्रणाली. म्हणून हिचे नाव पुढचे अक्षर, ‘एक्स’. सप्टेंबर १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती, ‘एक्स ११’, आली. लिनक्सचा जन्म १९९१ चा. म्हणजे पडद्याचे नियम लिनक्सच्या आधीच ठरले होते.

३/ त्या काळी मेमरी महाग होती. म्हणून प्रत्येक प्रोग्रामचे चित्र सर्व्हर पडद्याच्या सामाईक मेमरीत थेट काढी. एक खिडकी दुसरीखाली झाकली गेली की झाकलेला भाग सहसा जपला जात नसे; तो पुन्हा उघडा पडला की प्रोग्रामला नव्याने काढावा लागे. वाट जवळची होती, पण पडदा वरून खाली रंगत असताना मध्येच चित्र बदलले तर वरचा अर्धा जुना आणि खालचा अर्धा नवा दिसे. यालाच चित्र ‘फाटणे’ म्हणतात.

४/ २००४ मध्ये कीथ पॅकार्ड यांच्या कामातून एक्समध्ये ‘कंपोझिट’ ही जोड आली. आता प्रत्येक खिडकी पडद्याआड, स्वतंत्र मेमरीत रंगवता येऊ लागली. त्या सर्व खिडक्या एकत्र करून अंतिम चित्र सिद्ध करणारा नवा अधिकारी नेमला गेला: कंपोझिटर. ‘एक्सकॉम्पएमजीआर’ हा त्याचा आरंभीचा, साधा नमुना. हे नाव लक्षात ठेवा. ते पुन्हा येणार आहे.

५/ २००६ मध्ये ‘कॉम्पिझ’ आले. डुलणाऱ्या खिडक्या, फिरणारा घन, पारदर्शक कडा! पण या वैभवाची किंमत होती. फडणिसांच्या शिक्क्यावाचून कागद पुढे सरकत नाही, तशी गेमची तयार फ्रेमही कंपोझिटरच्या पाळीसाठी थांबू लागली. सेकंदाला ६० वेळा रंगणाऱ्या पडद्यावर एका पाळीची वाट म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंद. गेमचे स्वतःचे व्ही-सिंकही चालू असेल तर फ्रेमला दोन रांगांत उभे राहावे लागते.

६/ यावर तोड निघाली ती सवलतीची. पूर्ण पडदा व्यापणाऱ्या खिडकीला कंपोझिटरने वाट मोकळी करून द्यायची. कॉम्पिझमध्ये तसा पर्याय होता. केडीईमध्ये एक्सवर ऑल्ट, शिफ्ट आणि एफ१२ एकत्र दाबून कंपोझिटर थांबवता येई. २०१३ च्या अखेरीस एक्स सर्व्हरमध्ये ‘प्रेझेंट’ ही जोड आली आणि पूर्ण पडद्याची फ्रेम नक्कल न करता थेट दाखवण्याची शिस्तशीर सोय झाली. मात्र खिडकी पडद्याला थोडी जरी अपुरी पडली, वा तिच्यावर एखादी सूचना झळकली, तरी सवलत जाऊ शकते.

७/ दोन मॉनिटर असतील तर गुंता वाढतो. एक्स त्यांना सहसा एकाच मोठ्या पटाचे भाग मानते. एक मॉनिटर १४४ हर्ट्‌झचा आणि दुसरा ६० चा असला, तर कंपोझिटर अनेकदा एकाच्याच तालावर चालतो. तो ताल संथ मॉनिटरचा ठरला की वेगवान मॉनिटर घेण्याचा हेतूच विफल होतो.

८/ २००८ मध्ये क्रिस्टियन हॉग्सबर्ग यांनी ‘वेलँड’ आरंभले. येथे कंपोझिटर हाच पडद्याचा स्वामी. मधला सर्व्हर उरलाच नाही. अर्धवट चित्र कधीही दिसू नये, हे त्याचे ध्येय होते. ऑक्टोबर २०१२ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आली, आणि २०१६ मध्ये फेडोरा २५ ने गनोम डेस्कटॉपसाठी वेलँड मूळ निवड केली.

९/ पण निर्दोष चित्र आणि तत्पर चित्र या दोन वेगळ्या मागण्या आहेत. चुरशीच्या सामन्यात खेळणाऱ्याला फाटलेले चित्र चालते, उशिराचे चालत नाही. सप्टेंबर २०२० च्या गनोम ३.३८ मध्ये वेलँडवरही पूर्ण पडद्याच्या खिडकीला थेट वाट मिळाली. आणि २०२२ मध्ये, चित्र फाटले तरी चालेल पण लगेच दाखवा, असे गेमला सांगता यावे यासाठी वेलँडच्या नियमावलीत स्वतंत्र कलम आले. चौदा वर्षांनी ध्येयाला अपवाद जोडला गेला.

१०/ याच काळात व्हॉल्व्ह कंपनीने स्टीम (२०१३), प्रोटॉन (२०१८) आणि स्टीम डेक (२०२२) यांद्वारे लिनक्सवर गेम आणले. डेकमधील ‘गेमस्कोप’ हा गेमसाठीच घडवलेला छोटा कंपोझिटर. त्याची वंशावळ पाहिली तर मुळाशी पॅकार्ड यांचा तोच ‘एक्सकॉम्पएमजीआर’ सापडतो!

११/ म्हणून विलंब शोधताना याच क्रमाने जा. सिस्टिमच्या माहितीच्या पानावर एक्स आहे की वेलँड, ते पाहा. एक्स असेल तर कंपोझिटर थांबवून पाहा. गेम ‘बॉर्डरलेस’ऐवजी खऱ्या पूर्ण पडद्यावर चालवा. रिफ्रेश रेट तपासा. दुसरा मॉनिटर काढून तुलना करा. व्ही-सिंक एकाच ठिकाणी ठेवा, किंवा फ्रेमची मर्यादा रिफ्रेश रेटच्या किंचित खाली आणा, म्हणजे रांग साचत नाही. एका वेळी एकच बदल करा. नाहीतर कारण कोणते होते हे कधीच कळणार नाही.

१२/ १९८४ ला मेमरी वाचवायची होती, २००४ ला पडदा देखणा करायचा होता, २००८ ला चित्र निर्दोष हवे होते. प्रत्येक निर्णय आपापल्या काळी रास्त होता. तुमच्या हाताला जाणवणारा उशीर ही त्या निर्णयांची बेरीज आहे. नवे कार्ड घेण्याआधी ती बेरीज एकदा मांडून पाहा. पुष्कळदा पैसे वाचतात.