‘सुहैली’ची शिडं

मंडळी, थीसियसच्या जहाजाचं कोडं मी वर्गात किती वर्षं शिकवलं, मोजलेलं नाही. एकेक फळी बदलत गेली, तर जहाज तेच का? पण त्याच थीसियसचा शिडाचा एक घोटाळा आहे. परतताना काळं शीड उतरवून पांढरं चढवायचं राहून गेलं, आणि ते पाहून बापाने जीव दिला. तेव्हा आज फळ्या बाजूला ठेवू, शिडांचं बोलू.

14 जून 1968 रोजी इंग्लंडमधल्या फालमथहून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन एकटाच निघाला. वय 29. कुठेही न थांबता पृथ्वीला वळसा घालायचा होता. त्याची ‘सुहैली’ 32 फुटी, दोन डोलकाठ्यांची, आणि मुंबईत बांधलेली बरं का! सागवान आपलं, सुतार आपले. वाकस आणि सामता घेऊन हाताने केलेलं काम. बोट दणकट, पण वेगाला कमी.

आपल्याला वाटतं, शीड वादळात फाटतं. फाटतंही. पण लांबच्या प्रवासात खरा शत्रू म्हणजे घर्षण. बोट डुलते, शीड दोराला घासतं, दिवसरात्र, महिनोन्‌महिने. सुती कापडात टाका रुतून बसतो. टेरिलीनचं कापड कडक, त्यावर टाका उभा राहतो आणि आधी तोच झिजतो. म्हणजे कापड शाबूत आणि शिवण उसवलेली! मग सुई-दोरा घेऊन बसायचं, हलत्या डेकवर. एकदा शिवताशिवता त्याची मिशीच शिडाच्या काठाला टाक्यात बांधली गेली. सुरी हाताला लागेना. शेवटी हिसका देऊन केस तोडले. (हसू नका, त्या वेळी तिथे हसायलाही दुसरं कुणी नव्हतं.)

सप्टेंबरमध्ये दक्षिण महासागरात बोट आडवी झाली, केबिन जागची हलली. पुढे मुख्य शिडाखालची आडवी काठी डोलकाठीला धरणारा सांधा तुटला. ऑस्ट्रेलियाच्या सुमारास वाऱ्यावर चालणारं आपोआप सुकाणूचं यंत्र कायमचं गेलं. आता झोपायचं कसं? इथे माणसाने हात टेकले असते. मेलबर्नला थांबायचा विचार त्याच्याही मनात आला होता. पण त्याने शिडांनाच सुकाणू धरायला लावलं. पुढचं शीड नाक वाऱ्यापासून दूर ओढतं, मागचं नाक वाऱ्याकडे वळवतं. दोन्ही कमीजास्त करत तोल साधला, सुकाणूचा दांडा बांधून टाकला, की बोट आपली आपण वाट धरते. वारा फिरला, की उठून पुन्हा सगळं करायचं. अशा अर्धवट झोपेत 17 जानेवारी 1969 ला केप हॉर्न ओलांडलं.

रेडिओ केव्हाच बंद पडलेला. त्यामुळे एप्रिलमध्ये एका तेलवाहू जहाजाला तो दिसेपर्यंत घरच्यांना काही महिने पत्ताच नव्हता. 22 एप्रिलला, 312 दिवसांनी, तो फालमथला पोचला. निघाले होते नऊ जण, पोचला हा एकटा. बक्षिसाचे 5,000 पौंड त्याने डोनाल्ड क्रोहर्स्टच्या कुटुंबाला दिले. क्रोहर्स्ट याच शर्यतीत समुद्रावर गेला. त्याच्याविषयी सविस्तर बोलायला हवं, पण आता चहा आला आहे.