हरवलेले तीन भाग

बीबीसीची 'डॅड्स आर्मी' ही विनोदी मालिका १९६८ ते १९७७ या काळात ८० भागांत प्रसारित झाली. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या किनाऱ्यावर पहारा देणाऱ्या, बहुतांशी वयस्कर अशा 'होम गार्ड'च्या तुकडीची ही कथा. आज डीव्हीडीवर ती पुन्हा पाहताना संच परिपूर्ण भासतो. प्रत्यक्षात तो तसा नाही. चित्रफिती महाग असल्याने त्या पुसून पुन्हा वापरण्याची तेव्हा रीत होती. १९६९ च्या दुसऱ्या पर्वातील पाच भाग असे नाहीसे झाले. कचऱ्यातून वाचलेले दोन २००१ साली परत मिळाले. उरलेल्या तिघांच्या संहिता होत्या. त्यांवरून २०१९ साली नव्या नटांनी ते भाग सादर केले.

संहिता हाती असली की कृती हाती आली, असे साहित्याचे अभ्यासक धरून चालतात. येथे ते गृहीतक डळमळते. जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट यांचे शब्द टिकले. पण कॅप्टन मॅनरिंग झालेल्या आर्थर लो यांचे उत्तर देण्याआधीचे थबकणे कागदावर उतरत नाही, आणि हशा पुष्कळदा तेथेच पिकतो. जुन्या विनोदाचा इतिहास लिहायचा, तर या मौनाचीही नोंद ठेवावी लागेल.