बॅलंटाइन, रेव्हरंड हेन्री

(५ मार्च १८१३ – ९ नोव्हेंबर १८६५). अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील अमेरिकन मराठी मिशनचे धर्मोपदेशक, ‘ज्ञानोदय’चे पहिले संपादक, मराठी ख्रिस्ती गीतकार व बायबलच्या मराठी भाषांतरातील एक सहभागी. जन्म न्यूयॉर्क राज्यात स्कोडॅक लँडिंग येथे. मृत्यू समुद्रात, पोर्तुगालच्या किनाऱ्याजवळ. जुन्या अमेरिकन चरित्रकोशांत त्यांना चारसहा ओळींपलीकडे जागा मिळालेली नाही. कुलनोंदी, विद्यालयांच्या स्नातकसूची आणि मिशनचे वार्षिक अहवाल एकमेकांशेजारी ठेवून वाचले, की त्या ओळींमागचा माणूस आणि नगर जिल्ह्यात पन्नासपाऊणशे वर्षे पसरत गेलेला त्यांचा गोतावळा दिसू लागतो. प्रस्तुत नोंदीत त्या गोतावळ्याला अधिक जागा दिली आहे.

जीवन : ओहायो विद्यापीठाची पदवी १८२९ मध्ये, म्हणजे वयाच्या सोळाव्या वर्षी. वंशावळ लावणाऱ्याला असे वय दिसले की एकाच नावाच्या दोन व्यक्तींची गल्लत झाली नाही ना, हे आधी तपासावे लागते. येथे जन्मसाल आणि पदवीसाल दोन्ही टिकतात. वडीलबंधू एलिशा (जन्म १८०९) यांनी त्याच विद्यापीठाची पदवी घेतल्याने त्या नोंदींना बळकटीही मिळते. पुढे प्रिन्स्टन, व्हर्जिनियातील युनियन आणि अँडोव्हर अशा तीन ठिकाणी धर्मशास्त्राचे शिक्षण. विवाह एलिझाबेथ डार्लिंग यांच्याशी. १८३५ मध्ये बोस्टनच्या परदेशी मिशन मंडळातर्फे हिंदुस्थानात आगमन. काम मुंबईत व मुख्यतः अहमदनगरात, सुमारे तीस वर्षे.

ते आले तेव्हा नगरचे ठाणे नवे होते. अ‍ॅलन ग्रेव्ह्ज, विल्यम हर्वी आणि हॉलिस रीड यांनी ते १८३१ च्या अखेरीस उघडले. पुढल्याच वर्षी हर्वी पटकीने गेले. या तिघांबरोबर आलेले ब्राह्मण ख्रिस्ती बाबाजी रघुनाथ १८३३ मध्ये वारले. रीड यांनी त्यांचे चरित्र इंग्रजीत लिहिले, म्हणून त्यांचे नाव तरी राहिले. त्याच १८३३ साली नगरची पहिली ख्रिस्ती मंडळी (चर्च) स्थापन झाली.

मराठी कार्य : जून १८४२ मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ निघाले. बॅलंटाइन त्याचे पहिले संपादक. मराठी नियतकालिकांत त्याच्याइतके दीर्घायुष्य क्वचितच कुणाला लाभले असेल. १८३९ मध्ये हरिपंत रामचंद्र खिस्ती व त्यांचे बंधू नारायण यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा नगरच्या ब्राह्मणवर्गात मोठी खळबळ उडाली. १८५४ मध्ये हरिपंत व रामकृष्ण विनायक मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि नगरच्या मंडळ्यांना मराठी पाळक लाभले. बॅलंटाइन यांच्या कारकिर्दीतली सर्वांत दूरगामी घटना हीच, असे या नोंदकाराचे मत आहे.

गीते : मराठीत अनेक रचली.

पुस्तिका : प्रश्नोत्तरावली व धर्मपर पत्रके.

पंथ आणि नोंदींचे स्वरूप : बॅलंटाइन स्वतः बाप्टिस्ट नव्हते; पण इंग्रजी-अमेरिकन कुलशोधात ‘बाप्टिस्ट पाळक’ हा नेहमीचा शोधविषय आहे. तो मराठी मुलखाला परका नाही. सेरामपूरचे विल्यम केरी बाप्टिस्टच होते. त्यांचे मराठी व्याकरण १८०५ चे आणि मराठी नवा करार १८११ चा. बॅलंटाइन ज्या मंडळाचे, त्याच मंडळाने १८१२ मध्ये पाठवलेल्या पहिल्या तुकडीतील अ‍ॅडोनिराम जडसन व ल्यूथर राइस हे दोघे कलकत्त्यास पोचल्यावर बाप्टिस्ट झाले. जडसन ब्रह्मदेशात गेले, राइस अमेरिकेस परतले. त्यांचे सोबती गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट मुंबईस आले (१८१३) आणि अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. कलकत्त्याच्या त्या निर्णयाचा परिणाम दप्तरांवरही झाला. बाप्टिस्ट मताप्रमाणे बाप्तिस्मा जाणत्या वयात, स्वतःच्या कबुलीवर. त्यामुळे त्यांच्या पुस्तकांत जन्मानंतर लगेचची, आईबापांच्या नावांसह असलेली नोंद सापडत नाही. माणूस दप्तरात शिरतो तो मोठा होऊनच, आणि बहुधा एकटा. नगरचे मिशन बाळांचा बाप्तिस्मा मान्य करणाऱ्या परंपरेतले. येथे मूल आईबापांसह पुस्तकात येते. कुटुंब जोडण्यासाठी याहून सोयीची नोंद नाही.

सरकारी बाजूने पाहता मुंबई इलाख्यातील इंग्रज धर्मखात्याच्या बाप्तिस्मा, विवाह व दफन नोंदींच्या प्रती लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांतील बाप्तिस्म्याच्या पानावर रकाने ठरलेले असतात : बाप्तिस्म्याची तारीख, जन्मतारीख, मुलाचे नाव, आईबापांची नावे, राहण्याचे ठिकाण, बापाचा हुद्दा किंवा धंदा आणि विधी करणाऱ्याची सही. नगर किल्ल्यावरच्या किंवा भिंगार छावणीतल्या गोऱ्या शिपायाचे घराणे शोधणाऱ्याला हे पान पुरते. अमेरिकन पाळकांनी आपल्या मंडळीत केलेले विधी मात्र या प्रतींत सापडतीलच असे धरून चालू नये. त्यांच्यासाठी बोस्टनच्या मंडळाचा पत्रव्यवहार (आता हार्वर्डच्या हाउटन ग्रंथालयात), ‘मिशनरी हेरल्ड’ मासिकाचे अंक आणि १८८२ मध्ये मुंबईत छापलेले मिशनचे स्मृतिग्रंथ पाहावे लागतात.

या साधनांत एक मोठी उणीव आहे. ठाण्यांच्या वार्षिक यादीत पुरुषाचे नाव पूर्ण छापलेले असते आणि शेजारी पुष्कळदा ‘मिसेस बॅलंटाइन’, ‘मिसेस ह्यूम’ एवढेच. या बायकांनी शाळा चालवल्या, आजारी माणसे सांभाळली, मुले पुरली. त्यांचे स्वतःचे नाव अशा यादीत नाही. माहेरचे आडनाव शोधायला न्यू इंग्लंडच्या गावांचे जुने इतिहास उपयोगी पडतात, कारण त्यांच्या शेवटी गावातल्या घराण्यांच्या वंशावळी छापायची पद्धत होती. दुसरा माग मुलांच्या नावांत असतो. आईचे माहेरचे आडनाव मुलाचे मधले नाव म्हणून ठेवण्याची तिकडे चाल होती. याच मिशनचे रॉबर्ट विल्सन ह्यूम यांच्या पत्नी हॅना या सॅकेट घराण्यातल्या. त्यांच्या एका मुलाचे नाव एडवर्ड सॅकेट ह्यूम. आपल्याकडे मधल्या नावावरून बाप कळतो, तेथे पुष्कळदा आजोळ कळते. मराठी अभ्यासकाने ही खूण लक्षात ठेवावी.

गोतावळा : बॅलंटाइन यांची मुलगी मेरी हिचा विवाह १८५६ मध्ये रेव्हरंड सॅम्युएल बेकन फेअरबँक (१८२२–१८९८) यांच्याशी झाला. फेअरबँक विधुर होते. पहिल्या पत्नी अ‍ॅबी अ‍ॅलन १८५२ मध्ये वारल्या होत्या. नेवासे तालुक्यातले वडाळा (बहिरोबा) हे फेअरबँक यांचे ठाणे. ते पक्षी आणि शंखशिंपल्यांचे जाणते संग्राहक होते. दक्षिणेतल्या पळणी डोंगरातील एका पक्ष्याला १८६९ मध्ये त्यांचे नाव दिले गेले. या घराण्याच्या बाबतीत कुलशोधकाला एक दुर्मीळ सोय आहे : लॉरेन्झो सेल्स फेअरबँक्स यांनी अमेरिकेतील सर्व फेअरबँक्स घराण्याची १६३३ पासूनची वंशावळ एका जाड ग्रंथात लावून १८९७ मध्ये बोस्टनला छापली, आणि सॅम्युएल तेव्हा हयात होते. ग्रंथाच्या नावात ‘फेअरबँक्स’ आहे, वडाळ्याचे पाळक ‘फेअरबँक’ लिहीत. सूची पाहताना दोन्ही रूपे शोधावीत.

दुसरी मुलगी एलिझाबेथ मिशनमधीलच चार्ल्स हार्डिंग यांना दिली. मुलगा विल्यम ऑस्बॉर्न बॅलंटाइन डॉक्टर होऊन परतला व राहुरीच्या ठाण्यावर राहिला. दुसरा मुलगा, वडिलांच्याच नावाचा हेन्री, व्यापार व प्रवासाकडे वळला. इराणमधील प्रवासावर व नेपाळवर त्याने पुस्तके लिहिली आणि पुढे तो मुंबईत अमेरिकेचा वाणिज्यदूत (कॉन्सल) झाला. ग्रंथालयांच्या सूचींत बाप व मुलगा एक होण्याचा धोका येथे मोठा आहे. १८६५ नंतरचे कोणतेही इंग्रजी प्रवासपुस्तक पाळक बॅलंटाइन यांच्या नावावर टाकू नये. एलिशा यांचा मुलगा विल्यम गे बॅलंटाइन हा ओबर्लिन कॉलेजचा अध्यक्ष झाला (१८९१–९६).

पुढच्या पिढीत ही वेल ह्यूम घराण्याला जाऊन मिळते. रॉबर्ट विल्सन ह्यूम हेही परतीच्या प्रवासात समुद्रातच वारले (१८५४). बॅलंटाइन यांच्या आधी अकरा वर्षे. त्यांचे पुत्र रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम (१८४७–१९२९) भायखळ्यास जन्मले, वडील गेल्यावर आईबरोबर अमेरिकेत वाढले, येल विद्यापीठात शिकले आणि १८७४ मध्ये नगरला आले ते जवळजवळ आयुष्यभरासाठी. नगरच्या धर्मशिक्षण विद्यालयाचे आणि दुष्काळातल्या मदतकार्याचे नाव त्यांच्याशी जोडलेले आहे. त्यांच्या पहिल्या पत्नी अ‍ॅबी या एबेनेझर बर्जेस यांच्या कन्या. बर्जेस म्हणजे ‘सूर्यसिद्धान्ता’चे इंग्रजी भाषांतर (१८६०) करणारे, तेही नगरच्याच मिशनचे. अ‍ॅबी १८८१ मध्ये वारल्या. १८८७ मध्ये ह्यूम यांनी वडाळ्याच्या फेअरबँक यांची मुलगी केटी हिच्याशी लग्न केले. बॅलंटाइन, फेअरबँक, बर्जेस, ह्यूम : नगर जिल्ह्यातील अमेरिकन पाळकांच्या कामाचा मोठा भाग अशा सोयरिकींनी एकमेकांत गुंतलेल्या घरांनी केला. मिशनच्या इतिहासात हे ‘सहकारी’ म्हणून येतात. कोण कुणाचा सासरा, जावई, व्याही हे कळल्याशिवाय कोणते ठाणे कुणाकडे का गेले याचा उलगडा अर्धाच होतो.

कुलनोंदींची मर्यादा उलट टोकालाही दिसते. सिंथिया फॅरार (१७९५–१८६२) अविवाहित होत्या. १८२७ मध्ये मुंबईस आल्या, १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळांचे काम केले, तेथेच वारल्या. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे शिक्षण त्यांच्याकडे घेतले असे सांगितले जाते. वंशावळीत फॅरार बाईंना एक ओळ मिळते, पुढे फांदी नाही. बॅलंटाइन यांच्या चौघा मुलांबद्दल वर जेवढे लिहिले तेवढे त्यांच्याबद्दल कुलनोंदींतून लिहिता येत नाही, आणि मराठी स्त्रीशिक्षणात त्यांचे ऋण मात्र फार मोठे आहे.

मराठी पाळकांची घराणी : हरिपंत खिस्ती, रामकृष्णपंत मोडक यांसारख्यांचा मागोवा घेताना साधने बदलतात. ब्राह्मण घराण्यांसाठी छापील कुलवृत्तांत आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या ही नेहमीची वाट. यात्रेला गेलेला माणूस स्वतःचे, बापाचे, आजाचे, भावांचे नाव वहीत घालतो. ज्याने बाप्तिस्मा घेतला त्याचे तीर्थयात्रेला जाणे संपले, आणि त्याच्या शाखेची नोंदही तेथेच थांबली. त्याच्या मागची पिढी वहीत, पुढची पिढी मंडळीच्या पुस्तकात. दोन्ही दप्तरे एकत्र पाहिल्याशिवाय घराणे सलग होत नाही. शके व इसवी सन यांचा मेळही याच सांध्यावर घालावा लागतो. आडनावावर विसंबणे येथे विशेष घातक. नट शाहू मोडक (जन्म १९१८, अहमदनगर) हेही ख्रिस्ती कुटुंबातले. पण गाव, धर्म आणि आडनाव जुळले म्हणून वंश जुळला असे मधल्या नोंदींवाचून लिहू नये.

नगरच्या मंडळ्यांत संख्येने मोठा भाग महार व मांग समाजातील कुटुंबांचा. त्यांना कुलवृत्तांत नाहीत. गावच्या वतनी कागदात आणि जमाबंदीत नाव आले तर तेही गावकामाच्या निमित्ताने, बहुधा पुरुषाचेच. बायको आणि मुले यांची नावे तारखेसह एकाच ओळीत लिहिली गेली ती अनेक घरांच्या बाबतीत मंडळीच्या बाप्तिस्मा-पुस्तकातच प्रथम. म्हणून वडाळा, राहुरी, शिरूर, नगर येथली जुनी पुस्तके ही केवळ धर्मसंस्थेची मालमत्ता नाही. या भागातल्या कष्टकरी घरांच्या इतिहासाचे ते पहिले साधन आहे. फेअरबँक घराण्याचा जाड ग्रंथ १८९७ मध्येच छापला गेला. वडाळ्याला त्यांच्याबरोबर खेडोपाडी हिंडलेल्या मराठी उपदेशकांच्या घराण्यांचा तसा एकही ग्रंथ छापला गेला नाही. आठवणींच्या वाटेने एक मोठे काम झाले ते लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये. नारायण वामन टिळक यांचा १८९५ चा बाप्तिस्मा आणि नगरचा संसार त्यात मराठी वाचकाला घरच्यासारखा कळतो. परंतु प्रत्येक पाळकाच्या घरी लक्ष्मीबाई नव्हत्या.

मृत्यूची नोंद : समुद्रात मरण आलेल्या माणसाचे ‘ठिकाण’ लिहिताना प्रत्येक संकलकाने वेगळी वाट धरली आहे. कुणी ‘समुद्रात’ एवढेच लिहितो, कुणी ‘पोर्तुगालजवळ’ असे जोडतो. प्रस्तुत नोंदीत दोन्ही एकत्र दिले आहेत. तारखेबाबत ९ नोव्हेंबर १८६५ हीच ग्राह्य धरावी.

नगर जिल्ह्यातील ज्या कुटुंबांकडे जुन्या घरगुती बायबलच्या कोऱ्या पानावर लिहिलेली जन्म, लग्न व मृत्यूची यादी, बाप्तिस्म्याचे दाखले किंवा सभासदत्वाची बदलीपत्रे असतील, त्यांनी त्यांच्या स्वच्छ प्रती काढून मूळ घरी जपावे आणि एक प्रत आपल्या मंडळीच्या दप्तरात द्यावी. पुस्तकाच्या मालकाचे नाव, गाव आणि यादी कुणाच्या हातची आहे, एवढे तीन तपशील प्रतीवर अवश्य लिहावेत.