गळा, तालीम आणि भूमिका : तरुण गायकनटाच्या उदयाची मीमांसा

१. प्रश्न

सुरतेहून बडोद्याकडे निघालेली गाडी तापी ओलांडते, उत्राण मागे टाकते आणि कोसाडच्या छोट्या स्टेशनावरून पुढे जाते. मुंबईची मराठी नाटक मंडळी पडदे, पेट्या, बाजाच्या पेट्या आणि आचाऱ्यांसह बडोद्याला जात ती याच लोहमार्गाने. आज सुरतेच्या वस्त्यांत खानदेशातून पोटासाठी आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्या घरातले एखादे मूल गोड गाऊ लागले की आईबापांच्या मनात विचार येतो, ‘याला पुढे कसे न्यावे?’ हा प्रश्न जुना आहे आणि त्याचे उत्तर मराठी रंगभूमीच्या इतिहासात सापडते. म्हणून तो इतिहास येथे गौरवासाठी मांडलेला नाही. लहान वयात गाण्याने नाव मिळवणारा कलावंत अभिनयातही कसा उभा राहतो आणि ते नाव कशाने टिकते, याची कारणे शोधण्यासाठी तो तपासला आहे.

२. व्याख्या

गायकनट म्हणजे गाणारा नट किंवा अभिनय करणारा गवई, एवढे म्हणून भागत नाही. ज्याच्या गाण्यातून पात्र बोलते तो गायकनट. मैफलीत गवई रागाला बांधलेला असतो. रंगभूमीवर तो राग आणि पात्र दोघांनाही बांधलेला असतो. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला. त्यात दोनशेच्या आसपास पदे होती. एवढी पदे ज्याला म्हणायची, त्याचे गाणे अभिनयाच्या जोडीला ठेवलेले राहत नाही. त्याचा अभिनय मुख्यतः गाण्यातूनच होतो. या कलावंताच्या उदयाचे तीन घटक मानता येतात : गळा, तालीम आणि भूमिका. चौथी गोष्ट म्हणजे मंडळी, म्हणजे संस्था. ती या तिन्हींना एकत्र आणते.

३. गळा आणि वय

पहिला घटक शरीराचा आहे. वयात येताना मुलाच्या स्वरयंत्राचा सांगाडा वाढतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज साधारण एका सप्तकाने खाली येतो. यालाच आपण आवाज फुटणे म्हणतो. मुलींचाही आवाज बदलतो, पण तो दोन-तीन स्वरांनीच उतरतो. मधल्या काळात गळा ऐन वेळी दगा देतो. काल सहज लागलेला तार षड्ज आज फाटतो. ज्या मुलाचे नाव केवळ कोवळ्या आवाजावर झालेले असते, त्याच्या पायाखालची जमीन याच वेळी सरकते.

या कसोटीवर मराठी रंगभूमीचे चार मोठे गायकनट लावून पाहण्यासारखे आहेत. भाऊराव कोल्हटकर मूळ बडोद्याचे, जन्म १८६३. ते १८८२ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांचा जन्म २६ जून १८८८ चा. ते १९०५ मध्ये त्याच मंडळीत आले ते सतराव्या वर्षी. म्हणजे दोघेही आवाज फुटून गेल्यावर, स्थिरावलेला गळा घेऊन आले. केशवराव भोसले १८९० चे. ते घरच्या गरिबीमुळे अगदी बालपणीच स्वदेशहितचिंतक मंडळीत गेले. दीनानाथ मंगेशकर १९०० चे. ते मिसरूड फुटण्याच्या वयात किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले. या दोघांना गळ्याचे संक्रमण रंगभूमीवर असतानाच पार करावे लागले.

यावरून दिसते की लवकर सुरुवात करणे हे यशाला आवश्यक नाही आणि घातकही नाही. निर्णायक गोष्ट एकच : आवाज बदलत असताना त्या मुलाजवळ आवाजाखेरीज दुसरे काय होते? केशवराव आणि दीनानाथ यांच्याजवळ ताल पक्का होता, चाली कंठस्थ होत्या आणि गळ्यात तानांची फिरत होती. गळा उतरला तरी विद्या उतरली नाही. पुढे केशवरावांनी पुरुष भूमिकांत नाव मिळवले. दीनानाथांनी पंजाबी ढंगाच्या चपळ तानांनी नाट्यपदाला एक वेगळाच आवेश दिला.

४. तालीम

दुसरा घटक तालमीचा. बालगंधर्वांचे नाव घेताना लोकमान्य टिळकांनी दिलेली पदवी प्रथम सांगतात. दहा-अकरा वर्षांच्या नारायणाचे गाणे पुण्यात ऐकून लोकमान्यांनी त्याला ‘बालगंधर्व’ म्हटले, ही गोष्ट घराघरांत माहीत आहे. तिच्या मागचे-पुढचे मात्र थोड्यांना माहीत असते. तापीच्याच काठच्या खानदेशात, जळगावात, हा मुलगा मेहबूबखाँ यांच्याकडे गाण्याचे धडे घेत होता. पदवी मिळाल्यावर लगेच बोर्डावर उभे केले, असेही झाले नाही. मध्ये कित्येक वर्षे गेली. कानाच्या दुखण्यावर उपचार घेण्यासाठी शाहू महाराजांनी त्याला मिरजेला पाठवले आणि तेथे किर्लोस्कर मंडळीशी गाठ पडली. पुढे भास्करबुवा बखल्यांची तालीम लाभली. नाटकाचा नायक-नायिका म्हणून नाव झाल्यावरही शिकणे थांबले नाही. कीर्ती आधी आणि शिक्षण नंतर असे नसून दोन्ही बरोबर चालू होते, हे ध्यानात घ्यावे.

दीनानाथांचेही तसेच. मंगेशीला बाबा माशेलकरांकडे पहिले धडे, पुढे रामकृष्णबुवा वझ्यांचे मार्गदर्शन. या गुरूंनी शिष्यांना नाटकाची पदे पाठ करून घेण्यापुरते शिकवले नाही. राग शिकवला. पद पाठ असणाऱ्याला तेवढेच पद म्हणता येते. राग जाणणाऱ्याला वन्समोअर आल्यावर तेच पद दुसऱ्या अंगाने मांडता येते. एकेका पदाला तीन-तीन, चार-चार वन्समोअर येत असताना पाठांतराची शिदोरी पहिल्या दोन खेपांतच संपते. रात्रभर चालणारे नाटक पेलायला जी सामग्री लागते ती तालमीतून येते.

साथीचाही विचार येथेच करायला हवा. गंधर्व मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष होते. ध्वनिक्षेपक नसलेल्या थिएटरात पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचवायचा आणि तोही लयीला धरून, हे काम अशा साथीशिवाय होत नाही. तरुण गायकाला मोठ्या साथीदारांजवळ रोज बसायला मिळणे हीदेखील तालीमच.

५. भूमिका

तिसरा घटक सर्वांत दुर्लक्षित आहे. गळा आणि तालीम असलेले पुष्कळ असतात. त्यांच्या गळ्याला साजेशी भूमिका थोड्यांच्याच वाट्याला येते. भाऊरावांना सुभद्रा मिळाली, केशवरावांना देवलांची शारदा, बालगंधर्वांना भामिनी, रुक्मिणी आणि सिंधू, दीनानाथांना वीर वामनराव जोशींच्या ‘रणदुंदुभी’तली तेजस्वी गाणी.

१२ मार्च १९११ ही तारीख बारकाईने पाहावी. त्या दिवशी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘संगीत मानापमान’चा पहिला प्रयोग होता. चाली गोविंदराव टेंब्यांच्या. भामिनीची भूमिका बालगंधर्वांची. त्याच दिवशी त्यांचे पहिले अपत्य गेले. घरात मूल गेलेले आणि थिएटरात प्रेक्षक जमलेले, अशा स्थितीत तेवीस वर्षांचाही न झालेला हा तरुण साडी नेसून रंगला आणि ऐश्वर्याचा गर्व असलेल्या लाडक्या मुलीचे गाणे गाऊन आला. या प्रसंगाचा कुणी कितीही भावनिक अर्थ लावो, विवेचनाच्या दृष्टीने त्यातून एक गोष्ट सिद्ध होते. भूमिका आणि स्वतःचे मन यांच्यामध्ये उभी राहणारी शिस्त त्यांच्या अंगी बाणली होती. ती शिस्त केवळ गोड गळ्याने येत नाही.

भूमिका चुकली की काय होते, याचे उदाहरणही त्यांच्याच चरित्रात आहे. प्रभात कंपनीच्या ‘धर्मात्मा’ या १९३५ च्या चित्रपटात त्यांनी संत एकनाथांचे काम केले. गळा तोच, विद्याही तीच. पण रंगभूमीवरच्या रुक्मिणीला आणि सिंधूला जो प्रतिसाद मिळाला, तो पडद्यावरच्या त्या पुरुष भूमिकेला मिळाला नाही. कलावंत आणि माध्यम यांची सांगड भूमिकेने बसते. ती नसली तर मोठे नावही पुरे पडत नाही.

६. मंडळी

हे तीन घटक एका छताखाली येत ते मंडळीत. मंडळी म्हणजे एक फिरते घर होते. एकत्र जेवण, एकत्र बिऱ्हाड, सकाळी तालीम, रात्री प्रयोग. नाटककार, गायक, वादक आणि नवशिका रोज एकमेकांना पाहत. नवशिक्याच्या चुका त्या घरात दिसत आणि दुरुस्त होत.

पण मंडळीला पैसा लागे आणि तो आश्रयातून येई. येथे गुजरातच्या मराठी संस्कृतीचा वाटा मोठा आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी नाटक आणि संगीत या दोन्हींना हात दिला. भाऊराव बडोद्यातूनच पुढे आले. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग या मंडळीने २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्यात केला. गडकरी त्याआधी जानेवारीतच गेले होते. सुधाकर बोडसांचा आणि सिंधू बालगंधर्वांची. एका शोकनाट्याला पहिला श्रोता गुजरातच्या भूमीवर मिळाला, हे विसरू नये.

मंडळीची दुसरी बाजूही सांगायला हवी. गायकाचे नाव मोठे झाले की तो स्वतःच मालक होई. केशवरावांनी १९०८ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षाच्या आत, हुबळीत ललितकलादर्श काढली. दीनानाथांनी १९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्याबरोबर बलवंत संगीत मंडळी उभारली. त्यामुळे गाणे आणि हिशेब ही दोन ओझी एकाच खांद्यावर आली. केशवराव १९२१ मध्ये एकतीस वर्षांचे असताना गेले. त्याच वर्षीच्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या ‘संयुक्त मानापमान’मध्ये ते धैर्यधर होते आणि बालगंधर्व भामिनी. दीनानाथ १९४२ मध्ये एक्केचाळिसाव्या वर्षी गेले, तेव्हा बलवंत मंडळीचे वैभव संपलेले होते. गायकाला मालक करणारी ही पद्धत गायकालाच खाऊन टाकणारी ठरली.

७. स्त्रियांचा प्रवेश आणि आवाज-चेहऱ्याची फारकत

गळा, तालीम, भूमिका आणि मंडळी या चौकटीत पहिला मोठा बदल स्त्रियांनी केला. अब्दुल करीम खाँ आणि बडोद्याच्या ताराबाई माने यांची कन्या हिराबाई, जन्म १९०५. अब्दुल वहीद खाँ यांच्या तालमीत तयार झालेल्या या तरुण गायिकेने तिकीट लावून जाहीर मैफल केली. कुलीन स्त्रीने असे बसून गावे ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती. हावभाव न करता, स्वर शांतपणे लावत त्या गात. भावंडांच्या साथीने त्यांनी नाटकेही केली आणि सुभद्रेचे काम स्वतः उभे केले. गायकनटाच्या व्याख्येत यामुळे एक भर पडली. स्त्रीची भूमिका स्त्रीच्या गळ्यात आली आणि पुरुषांचा काळी एक, स्त्रियांचा काळी चार-पाच हा पट्टीचा प्रश्नही उघडा पडला. हिराबाईंनी बडोदेकर हे आडनाव लावले, त्यात गुजरातच्या मराठीचा ठसा आहे.

दुसरा बदल बोलपटाने केला. वडील गेल्यावर कुमारवयीन लता मंगेशकरांनी १९४२ च्या ‘पहिली मंगळागौर’पासून अनेक चित्रपटांत छोट्या भूमिका केल्या. त्यांचे खरे स्थान मात्र पार्श्वगायनात होते. आवाज एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा, ही व्यवस्था रूढ झाली. आतापर्यंत बांधलेले तीन घटक येथे सुटे झाले. गायकाला भूमिका मिळवण्याची गरज उरली नाही आणि नटाला गळा असण्याची गरज उरली नाही.

८. आजचा प्रश्न

दूरचित्रवाणीच्या स्पर्धांनी सुटे झालेले घटक पुन्हा जोडण्याची संधी दिली. झी मराठीच्या ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’च्या २००८-०९ च्या पर्वात चौदा वर्षांची आर्या आंबेकर गात होती. घरात आई श्रुती आंबेकर यांची तालीम होती. चित्रपटात प्रमुख भूमिका तिने केली ती ‘ती सध्या काय करते’मध्ये, २०१७ साली. स्पर्धा आणि भूमिका यांमध्ये आठ वर्षे गेली. या आठ वर्षांत गळा स्थिरावला, विद्या वाढली आणि वय भूमिकेच्या वयाला आले. बालगंधर्वांच्या पदवीत आणि रंगप्रवेशात जे अंतर होते, तेच येथे दिसते.

एक आक्षेप येऊ शकतो : आजच्या घाईच्या काळात इतका धीर कोण धरणार? उत्तर असे की धीर धरल्याने कुणाचेही नुकसान झालेले या इतिहासात दिसत नाही. भाऊराव एकोणिसाव्या वर्षी आले आणि रंगभूमीवर राज्य करून गेले. सतरा वर्षांच्या नारायणाला कुणी उशीर झाला असे म्हटले नाही. घाईने दिलेली प्रसिद्धी आवाजाच्या ज्या अवस्थेत मिळते, ती अवस्था वर्ष-दोन वर्षांत बदलणार असते.

९. निष्कर्ष

कोवळ्या गळ्याने नाव मिळते. ते टिकते रागाच्या तालमीने आणि गळ्याशी जुळणाऱ्या भूमिकेने. या दोन्ही गोष्टी मुलाला स्वतः करता येत नाहीत. घर, गुरू आणि संस्था यांनी त्या उभ्या कराव्या लागतात. मंडळ्या गेल्या, म्हणून ती जबाबदारी आता घरांवर आणि गावोगावच्या छोट्या गायनवर्गांवर आली आहे. बडोद्याने शतकापूर्वी जे केले ते सुरतेच्या मराठी माणसाला आपल्या प्रमाणात करता येईल. एक तानपुरा, एक तबला, एक गुरुजी आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी एवढ्याने सुरुवात होते.

कोसाडच्या वस्तीत एखादे मूल गात असेल, तर त्याच्या आईबापांना एकच सांगणे आहे. त्याला स्पर्धेत जरूर पाठवा, पण ती होऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला गुरुजींकडे घेऊन जा. आवाज फुटेल त्या दिवसांत त्याचे गाणे थांबवू नका, ओरडून गायलाही लावू नका. त्याला मंद्रात, हळू, रोज थोडे गाऊ द्या.