पलटणीतला पणजा आणि अर्ज लिहिणारा बटलर

खुटबाव हे पुणे-दौंड लोहमार्गावरचे, यवतच्या पुढचे लहानसे स्टेशन. तिथून भीमाकाठाने वर गेले की कोरेगाव. दुसऱ्या अंगाला भुलेश्वरचा डोंगर ओलांडला की जेजुरी आणि सासवड. या मुलखातल्या महारवाड्यांत म्हाताऱ्यांना वंशावळ विचारली की बहुधा एकच वाक्य हाती लागते : 'आमचा पणजा पलटणीत होता.' कुठल्या पलटणीत, कोणत्या साली, त्याची बायको कुठली, असे पुढे विचारले की म्हातारा चंची सोडतो आणि विषय बदलतो. पाटलाच्या घरात सनद असते, कुलकर्ण्याकडे दप्तर असते. आमच्याकडे एक वाक्य असते.

त्या वाक्याला कागदावर आणणारा माणूस याच जिल्ह्यातला. शिवराम जानबा कांबळे. जन्म १८७५, पुणे. व्यवसाय : मेसॉनिक हॉलमध्ये बटलर. दलित चळवळीचा पूर्वज म्हणून त्याचे नाव घेतले जाते खरे, पण ओझरते. लगेच पान उलटते आणि आपण महाडला पोचतो.

आधी त्या पणजाकडे पाहू. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरच्या छावणीतून मुंबई फौजेच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन कॅप्टन स्टॉन्टनच्या हाताखाली पुण्याकडे निघाली. सुमारे पाचशे पायदळ, अडीचशे-तीनशे घोडेस्वार, दोन तोफा. दुसऱ्या दिवशी कोरेगावात काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. १८२१ मध्ये तिथल्या स्तंभाची पायाभरणी झाली. स्तंभावर मृतांची जी ४९ नावे मोजली जातात त्यांतली २२ 'नाक'वाली आहेत. स्वतःचे नाव, पुढे बापाचे नाव, दोन्हींच्या शेवटी नाक. गावाचा पत्ता नाही. म्हणजे शिरूर किंवा दौंडच्या कोणत्याही घराने त्यातल्या एखाद्या नावावर बोट ठेवून 'हा आमचा' म्हणावे, तर सिद्ध करता येत नाही आणि खोडताही येत नाही.

हे सैनिक कंपनीचे चाकर होते, त्यांचा अभिमान काय म्हणून धरायचा, असे आम्हांला अधूनमधून सुनावले जाते. सुनावणाऱ्यांचे पणजे कुणाचे चाकर होते ते सोडून देऊ. गावगाड्यात महाराचे नाव कागदावर यायचे ते वेसकराची पाळी, वतनाची तक्षीम आणि वेठ यांच्यापुरते. पलटणीच्या हजेरीपटावर बाप आणि लेक गावाच्या हुकमाबाहेर पहिल्यांदा उभे राहिले. पगार रोख मिळाला, पुढे पेन्शन मिळाली. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे शाळा. मुंबई फौजेत शिपायांच्या मुलांना, मुलींनासुद्धा, शिक्षणाची सक्ती होती. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ अशाच लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. त्या शाळा नसत्या तर पुढचे काय झाले असते, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

ही वाट १८९२ च्या सुमारास बंद झाली. काही जाती 'लढाऊ' आणि बाकीच्या बिनलढाऊ, असा सिद्धान्त लष्करी अधिकाऱ्यांनी काढला आणि महारांची भरती थांबवली. नोकरी तर गेलीच; पोराची शाळाही गेली, आणि घराला पुन्हा वेसकराची काठी हातात घ्यायची वेळ आली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये याविरुद्ध अर्ज तयार केला. पुण्याकडे हे काम शिवराम जानबांनी उचलले. १९०३ मध्ये सासवडला ५१ गावांच्या महारांची सभा भरवली. सरकारला गेलेल्या अर्जावर १५८८ जणांच्या सह्या होत्या. त्यांतल्या कित्येकांना अक्षरओळख नसणार. तरी गावोगाव जाऊन दीड हजार माणसे कागदाशी बांधायची, तेही रेल्वे, बैलगाडी आणि पायी, ही गोष्ट आज मोर्चा काढणाऱ्या कार्यकर्त्याने एकदा मनात घोळवून पाहावी. पुढे १९१० मध्ये जेजुरीच्या परिषदेतून भारतमंत्र्यांकडे दुसरा अर्ज गेला : लष्करात घ्या, पोलिसांत घ्या, सरकारी चाकरीत घ्या. पणजाची पलटण तिथे पुरावा म्हणून उभी राहिली. ११११ नव्हे, १११ वी महार पलटण उभी राहायला मात्र १९१७ साल, म्हणजे महायुद्धाची गरज लागली. १९२१ मध्ये तीही मोडली. गरज सरो, वैद्य मरो.

१ जानेवारी १९२७ रोजी कोरेगावला जी सभा झाली, ज्या सभेला बाबासाहेब आले, तिच्यामागे शिवराम जानबांची ही सगळी खटपट होती.

पण या पूर्वजाकडे डोळे मिटून पाहायचे कारण नाही. त्यांच्या मंडळाच्या आणि मासिकाच्या नावात 'सोमवंशीय' हा शब्द आहे. उच्च कुळाचा दाखला दाखवून माणुसकी मागायची, ही त्या काळाची रीत होती आणि ती आम्हांला टोचते. अर्जांची भाषा राजनिष्ठेची आहे. शिवाय पलटणीचा दाखला देता देता ज्या घरात कुणी शिपाई नव्हता ते घर मागेच राहते. मातंग मुलगी मुक्ता साळवे हिने १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त निबंध लिहिला तो आपल्या लोकांच्या दुःखाविषयी. हक्क मागायला तिला कुणाच्या तलवारीचा आधार घ्यावा लागला नाही.

मात्र शिवराम जानबांनी आणखी एक काम केले आणि तिथे ते स्वतःच्याच अर्जांच्या पुढे गेले. १९०८ मध्ये त्यांनी 'सोमवंशीय मित्र' मासिक सुरू केले आणि त्यातून खंडोबाला मुली वाहण्याच्या चालीवर हल्ला चढवला. जेजुरी या मुलखाचे दैवत. नवस फेडायला पोरगी सोडायची, तिचे देवाशी लग्न लागायचे, पुढे तिच्या लेकरांना बापाचे नाव नसायचे. हा प्रकार आमच्याच घरांतला. तो बाहेरच्यांपुढे बोलणे म्हणजे समाजाची बदनामी, असे म्हणणारे तेव्हाही असणारच, आजही भेटतात. शिवूबाई नावाच्या एका मुरळीने ते लिखाण वाचून मासिकाला पत्र लिहिले. ते छापले गेले. ती त्या जिण्यातून बाहेर पडली आणि चळवळीतल्याच एका कार्यकर्त्याने तिच्याशी रीतसर लग्न केले. देवदासी संरक्षणाचा मुंबई कायदा त्यानंतर पाव शतकाने, १९३४ मध्ये झाला.

१९२९ च्या पर्वती सत्याग्रहात शिवराम जानबा पन्नाशी उलटल्यावर उतरले. १९३० मध्ये नवलकरांनी लिहिलेले त्यांचे इंग्रजी चरित्र निघाले. महार वतन १९५८ च्या कायद्याने गेले. वतनाची जुनी कागदपत्रे, फेरफार तालुक्याच्या कचेरीत शोधता येतात. खुटबाव-केडगावकडच्या एखाद्या विद्यार्थ्याने शोधायला बसावे. पणजाचे नाव तिथे सापडेलही. पण त्याआधी घरातल्या आजीला विचारावे की आपल्यातली कोण जेजुरीला सोडली होती. ती उत्तर द्यायला वेळ लावील. 'पलटणीत होता' हे जितके पटकन सांगते तितक्या पटकन हे सांगणार नाही. बसून राहावे.