काळ्या मास्तराचा पगार

पगाराचा तक्ता वाचायला शिकलं पाहिजे. पोथी आपण वाचली आणि १९२७ साली महाडला जाळलीसुद्धा. पण हेडक्लार्कच्या टेबलावरचा तक्ता आपण कारकुनी कागद म्हणून सोडून देतो. एकाच इयत्तेला शिकवणारे दोन मास्तर, एकाला इतके आणि दुसऱ्याला तितके. कारण विचारलं की उत्तर तयार असतं : भाग वेगळा, सर्व्हिस वेगळी. भाग आणि सर्व्हिस. दोन साधे शब्द. या दोन शब्दांच्या पोटात काय काय दडवता येतं ते बघायचं तर अमेरिकेतल्या काळ्या मास्तरांचा इतिहास बघावा.

आपल्या पोरांनी १९७२ साली मुंबईत पँथर काढली तेव्हा नाव घेतलं ते तिकडच्या काळ्यांकडून. त्याच्याही आधी, १९४६ साली, बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या लढ्याची चौकशी केली होती. म्हणजे हे नातं जुनं आहे. मी जिल्हा परिषदेचा मास्तर. त्यामुळे बंदूकवाल्या पँथरपेक्षा खडूवाल्या मास्तरांकडे माझं लक्ष जास्त गेलं.

आधी भाग घेऊ. सेप्टिमा क्लार्क ही दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्स्टन शहरातली बाई. १९१६ साली मास्तरीण झाली. पण शहराच्या सरकारी शाळांत काळ्या शिक्षकांना घेत नसत, काळ्या पोरांनासुद्धा गोरेच शिकवायचे. मग ती गेली जॉन्स आयलंडवर, बेटावरच्या खेड्यात. दोन मास्तरणी आणि १३२ पोरं. ती शिक्षिका आणि मुख्याध्यापिकाही, पगार ३५ डॉलर. तिथलीच गोऱ्यांची शाळा : पोरं ३, मास्तरीण १, पगार ८५ डॉलर. आता कुणी म्हणेल, खेड्यात पगार कमीच असतो. अरे, पण तिला खेड्यात ढकललं कुणी? आधी शहराचं दार लावायचं आणि मग खेड्याचा पगार दाखवायचा. शहराचं ते दार काळ्यांनी सह्या गोळा करून १९२० साली उघडायला लावलं. त्या सह्यांसाठी दारोदार फिरणाऱ्यांत सेप्टिमाही होती.

अलाबामात याच्याही पुढची तऱ्हा. राज्याचा शाळेचा पैसा जिल्ह्याला मिळायचा तो पोरांच्या डोक्यांवर. काळी, गोरी, सगळी डोकी मोजायची. १८९१ च्या कायद्याने तो पैसा वाटायचा अधिकार स्थानिक अंमलदारांच्या हातात गेला. अंमलदार गोरे. मग ज्या कापूसपट्ट्यात काळी पोरं जास्त, तिथे पैसा जास्त यायचा आणि तो जायचा गोऱ्यांच्या शाळेत. होरेस मान बाँड या काळ्या अभ्यासकाने १९३९ साली अलाबामातल्या काळ्यांच्या शिक्षणावर ग्रंथ लिहिला, त्यात हा हिशेब उघडा केला आहे. कापूसपट्ट्यातल्या गोऱ्या मास्तराचा पगार डोंगराळ भागातल्या गोऱ्या मास्तरापेक्षा फुगला तो काळ्या लेकरांच्या नावावर. डोकं आमचं, दक्षिणा त्यांची. ही रीत आपल्याला नवी नाय.

आता सर्व्हिस. व्हर्जिनियातलं नॉरफोक शहर. तिथल्या बोर्डाचा तक्ता कोर्टात आला म्हणून आज आपल्याला वाचता येतो. हायस्कुलातला गोरा पुरुष शिक्षक नवा लागला की किमान १,२०० डॉलर वर्षाला. काळ्या पुरुष शिक्षकाची कमाल मर्यादा १,२३५. नीट वाचा. एकाचं आयुष्य जिथे संपतं तिथे दुसऱ्याची सुरुवात होते. काळ्याने केस पांढरे केले तरी कालच्या गोऱ्या पोराच्या पुढे ३५ डॉलर. अनुभवाला किंमत आहे म्हणायचं, पण अनुभव कुणाचा ते आधी बघायचं.

या तक्त्याविरुद्ध पहिली उभी राहिली ॲलीन ब्लॅक. रसायनशास्त्र शिकवायची, अनुभवही होता, वरची पदवीही होती. १९३९ साली तिने दावा लावला, बोर्डाने पुढच्या वर्षाचं नेमणूकपत्रच दिलं नाही. तिच्या शाळेतल्या पोरांनी मोर्चा काढला. मग तिच्या जागी मेल्विन ऑल्स्टन उभा राहिला. पगार ९२१ डॉलर. खालच्या कोर्टाने काय म्हणावं? तू करारावर सही केलीस ना, मग तक्रार कसली! भाकरीसाठी केलेली सही ही राजीखुशीची सही. पण १८ जून १९४० रोजी वरच्या कोर्टाचे न्यायाधीश जॉन पार्कर यांनी हे उलटवलं. रंगावरून पगार ठरवणं घटनेविरुद्ध आहे असं स्पष्ट लिहिलं. बोर्ड सुप्रीम कोर्टात गेलं, कोर्टाने दखल घ्यायचं नाकारलं. १९४१ साली ॲलीन ब्लॅक परत शाळेत रुजू झाली.

या सगळ्या खटल्यांच्या मागे एक वकील होता : थर्गुड मार्शल. त्याची आई बाल्टिमोरमध्ये काळ्यांच्या शाळेत शिक्षिका. म्हणजे हा तक्ता त्याने घरातल्या ताटात बघितलेला. त्याने सुरुवात केली मेरीलँडपासून. तिथे विल्यम गिब्ज या शिक्षकाला ६१२ डॉलर आणि त्याच कामाच्या गोऱ्याला १,४७५. डिसेंबर १९३६ मध्ये दावा लागला, १९३७ साली बोर्ड समान पगाराला कबूल झालं. १९३९ साली वॉल्टर मिल्स याने आणखी एक खटला जिंकला. १९४१ साली राज्याला पगाराचा कायदाच बदलावा लागला. मार्शल पुढे १९६७ साली सुप्रीम कोर्टाचा पहिला काळा न्यायाधीश झाला. पण त्याचा पाया या मास्तरांच्या वर्गणीतून घातलेला आहे, हे विसरू नका.

इथे टाळ्या वाजवून उठायचं नाही. खरी गोष्ट पुढे आहे. दक्षिण कॅरोलिनात चार्ल्स्टनचा खटला १९४४ साली निकाली निघाला, कोलंबियाचा १९४५ साली. न्यायाधीश वेअरिंग यांनी समान पगाराचा हुकूम दिला. कोलंबियाच्या लढ्यात सेप्टिमा क्लार्कही होती, तिचा पगार जवळजवळ तिप्पट झाला. राज्याने काय केलं? १९४५ सालीच नवीन तक्ता आणला. त्यात रंग कुठेही लिहिलेला नाही. शिक्षकांची एक परीक्षा, तिच्या मार्कांवर अ, ब, क, ड अशा श्रेण्या आणि श्रेणीवर पगार. ज्यांना पडक्या शाळा दिल्या, ज्यांच्या कॉलेजांना तुकडे टाकले, त्यांच्या हातात पेपर दिला आणि म्हणाले, या, आता बरोबरी करा! रंगाचा तक्ता मेला आणि गुणवत्तेचा जन्मला. बाप तोच. १९७८ साली सुप्रीम कोर्टाने ही परीक्षा कायम केली. मार्शलने त्या निकालात भाग घेतला नाही. गुणवत्ता हा शब्द आपल्या कानाशी रोज कोण ओरडतं ते सांगायला नको.

आणि पुढे? १९५४ साली शाळा एक करायचा निकाल लागला. त्याचं आपण कौतुक करतो. पण शाळा एक झाल्या तेव्हा काळ्यांच्या शाळा बंद पडल्या आणि १९६५ पर्यंत दक्षिणेतल्या व सरहद्दीच्या १७ राज्यांत ३८ हजारांच्या आसपास काळे शिक्षक व मुख्याध्यापक नोकरीतून गेले असा अंदाज आहे. सेप्टिमा क्लार्कला १९५६ साली काढलं, कारण तिने काळ्यांच्या संघटनेचं सभासदत्व सोडायला नकार दिला. चाळीस वर्षांची सर्व्हिस आणि पेन्शनही गेलं. ते मान्य व्हायला १९७६ साल उजाडलं.

आपल्याकडच्या तक्त्यात जात लिहिलेली नाही. सातव्या वेतन आयोगाच्या पायऱ्या ब्राह्मणाला आणि बौद्धाला सारख्याच. ही घटनेची कमाई आहे, ती कमी लेखू नये. पण शब्द तेच आहेत : भाग आणि सर्व्हिस. घरभाडं शहराच्या वर्गावर ठरतं. २००० सालापासून नव्या मास्तराला तीन वर्षं शिक्षणसेवक केलं, प्राथमिकला मानधन ३,००० रुपये. मीही त्या तीन हजारांत दिवस काढलेत. काम पुरं, पगार पाव. २०२३ साली ते १६,००० झालं. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागला त्याचं जुनं पेन्शन गेलं. ज्यांच्या घरात बापाआधी कुणी शाळा बघितली नव्हती, त्यांची पोरं नोकरीला उशिराच पोचली. जो उशिरा पोचतो त्यालाच नवा नियम लागतो. नियमात जात नाही, पण रांगेत आहे.

म्हणून दोस्तहो, तक्ता हातात आला की दोन प्रश्न विचारायचे. या भागात हा माणूस कुणी पाठवला? आणि याची सर्व्हिस उशिरा सुरू झाली ती कुणामुळे? नॉरफोकच्या मास्तरणीने हेच विचारलं आणि नोकरी गमावली. तिच्या मागे तिची पोरं रस्त्यावर आली. आपण आपल्या पोरांना बेरीज-वजाबाकी शिकवतोच. तर एकदा फळ्यावर हा तक्ताही मांडून दाखवू.